विद्यासागरांच्या शाळा

१८५१ च्या मध्यापर्यंत कलकत्त्याच्या संस्कृत महाविद्यालयाची सुट्टी तिथीवर अवलंबून असे. प्रतिपदा आणि अष्टमी हे अनध्यायाचे दिवस. त्यांना शास्त्राचा आधार होता आणि अध्यापकवर्गाला त्यात काही वावगे वाटत नव्हते. अडचण एवढीच होती की, सरकारी कचेऱ्या आणि इतर विद्यालये रविवार पाळीत, तर हे एक विद्यालय पंचांग पाळी. त्या वर्षीच्या जानेवारीत प्राचार्यपदावर आलेल्या तीस वर्षांच्या ईश्वरचंद्र विद्यासागरांनी जुलैमध्ये हा क्रम मोडला आणि रविवार हाच साप्ताहिक सुट्टीचा दिवस ठरविला. गोष्ट किरकोळ दिसते. परंतु पाठशाळेचा काळ आणि बाहेरच्या जगाचा काळ एकच असला पाहिजे, हा तिच्यामागील आग्रह किरकोळ नव्हता. विद्यासागरांच्या पुढील चाळीस वर्षांच्या शैक्षणिक उद्योगाचे बीज त्यात सापडते. विधवाविवाहाचे प्रवर्तक आणि दयेचे सागर म्हणून भारतभर त्यांची ओळख आहे. शाळा काढणारा, शाळा बदलणारा आणि बदललेली शाळा टिकविण्यासाठी झगडणारा माणूस म्हणून ती त्या मानाने कमी आहे.

ईश्वरचंद्रांचा जन्म २६ सप्टेंबर १८२० रोजी बीरसिंह या खेड्यात झाला. हे गाव त्या वेळी हुगळी जिल्ह्यात होते, पुढे ते मिदनापूर जिल्ह्यात गेले. वडील ठाकुरदास बंदोपाध्याय कलकत्त्यात अल्प वेतनावर नोकरी करीत. घराण्यात विद्या होती, पैसा नव्हता. आई भगवतीदेवी यांच्याविषयीची त्यांची भक्ती बंगालमध्ये आख्यायिकारूप झाली आहे. १८२८ मध्ये वडिलांबरोबर कलकत्त्याला पायी जात असताना रस्त्याच्या कडेच्या मैलाच्या दगडांवरून या मुलाने इंग्रजी आकडे शिकून घेतले, ही हकीकत त्यांनी स्वतःच नोंदविली आहे. चरित्रकार ती त्यांच्या तल्लख बुद्धीचे उदाहरण म्हणून सांगतात. तिच्यात आणखीही काही आहे. ज्या वस्तूचा उपयोग डोळ्यांसमोर आहे ती मूल न शिकविताच शिकते, हा अनुभव त्या मुलाला संस्कृत महाविद्यालयात जाण्यापूर्वीच आला होता.

शाळेत मात्र याच्या नेमका उलटा अनुभव आला. १ जून १८२९ रोजी त्यांचे नाव संस्कृत महाविद्यालयाच्या व्याकरणवर्गात घातले गेले. वय नऊ वर्षांचे, भाषा बंगाली, आणि हातात बोपदेवाचे ‘मुग्धबोध’. संस्कृतचा गंध नसलेल्या मुलाने संस्कृतातूनच रचलेली व्याकरणसूत्रे तीन वर्षांहून अधिक काळ घोकावयाची आणि त्यानंतर साहित्यवर्गात पाय ठेवावयाचा, अशी ती पद्धती होती. ईश्वरचंद्र तीतून उत्तम रीतीने पार पडले. साहित्य, अलंकार, वेदांत, स्मृती, न्याय अशा सर्व वर्गांतून ते १८४१ मध्ये बाहेर पडले, ते ‘विद्यासागर’ ही पदवी घेऊन. एखाद्या पद्धतीत यशस्वी झालेला विद्यार्थी बहुधा तिचा अभिमानी होतो. विद्यासागर तसे झाले नाहीत, हे त्यांचे पहिले वेगळेपण म्हणावे लागेल.

डिसेंबर १८४१ मध्ये फोर्ट विल्यम महाविद्यालयात मुख्य पंडित म्हणून त्यांना ५० रुपयांची नोकरी मिळाली. तेथे इंग्रज अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकविल्या जात. त्यांना शिकविताना विद्यासागरांनी स्वतः इंग्रजी आणि हिंदी यांचा अभ्यास वाढविला. प्रौढ परकीयांना बंगाली शिकविण्याच्या या कामातून त्यांना एक गोष्ट कळली असावी, ती म्हणजे वाचनीय गद्याची उणीव. १८४७ मध्ये हिंदीवरून रचलेले ‘वेतालपंचविंशति’ हे त्यांचे पुस्तक याच महाविद्यालयाच्या गरजेतून निर्माण झाले.

१८४६ मध्ये ते संस्कृत महाविद्यालयात साहाय्यक चिटणीस म्हणून परतले. आल्याबरोबर त्यांनी अभ्यासक्रमाच्या सुधारणेची योजना मांडली. चिटणीस रसमय दत्त यांनी तिचा फार थोडा भाग स्वीकारला. पुढच्याच वर्षी विद्यासागरांनी राजीनामा दिला. नोकरी सोडून हे खाणार काय, अशी पृच्छा दत्तांनी केली असता बटाटे-परवळ विकू, पण मान गमावून नोकरी करणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी पाठविले, असे सांगतात. प्रत्यक्षात त्यांनी जो व्यवसाय पत्करला तो भाजीपाल्याचा नव्हता. मित्र मदनमोहन तर्कालंकार यांच्यासह ६०० रुपये कर्ज काढून त्यांनी ‘संस्कृत यंत्र’ हा छापखाना घातला. कृष्णनगरच्या राजवाड्यातील हस्तलिखितावरून भारतचंद्राचे ‘अन्नदामंगल’ छापले. फोर्ट विल्यम महाविद्यालयाने त्याच्या १०० प्रती सहा रुपये दराने घेतल्या आणि कर्ज फिटले. या छापखान्याकडे चरित्रकार एक पूरक प्रकरण म्हणून पाहतात. वस्तुतः विद्यासागरांच्या शिक्षणकार्याचा तो कणा होता. पहिली योजना कागदावरच राहिली, तेव्हा योजना करणाऱ्याजवळ अधिकार नव्हता आणि पुस्तकेही नव्हती. अधिकार पुढे मिळाला आणि गेलाही. पुस्तके मात्र राहिली.

डिसेंबर १८५० मध्ये साहित्याचे प्राध्यापक म्हणून ते पुन्हा संस्कृत महाविद्यालयात आले. त्याच महिन्यात त्यांनी शिक्षणमंडळाला सविस्तर अहवाल सादर केला आणि महिनाभरातच नव्याने निर्माण केलेल्या प्राचार्यपदावर त्यांची नेमणूक झाली. आता बदलाला वेग आला. ‘मुग्धबोध’ बाजूला सारून बंगालीतून लिहिलेली ‘उपक्रमणिका’ १८५१ मध्ये आली. तिच्यामागोमाग ‘ऋजुपाठ’ हे सोपे संस्कृत वेचे आणि १८५३ पासून ‘व्याकरणकौमुदी’चे भाग निघाले. संस्कृत मातृभाषेतून शिकवावे, हा विचार आज इतका स्वाभाविक वाटतो की त्यातील धाडस लक्षात येत नाही. अध्यापकांची सारी प्रतिष्ठा ज्या सूत्रपाठावर उभी होती तोच पाठ प्रवेशद्वारातून काढून टाकण्यात आला होता. गणितात ‘लीलावती’च्या जागी इंग्रजीतून गणित आले. ऐच्छिक असलेली इंग्रजी आवश्यक झाली. पूर्वी फुकट असलेल्या या विद्यालयात १८५२ पासून दोन रुपये प्रवेशशुल्क आणि १८५४ पासून दरमहा एक रुपया फी सुरू झाली. नाव घालून येईनासे होणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या त्यामुळे आटोक्यात येईल, हा हिशेब त्यामागे होता.

सर्वांत अवघड प्रश्न प्रवेशाचा होता. तोवर या विद्यालयात ब्राह्मण आणि वैद्य या दोनच जातींची मुले घेत. विद्यासागरांनी कायस्थांना प्रवेश द्यावा असे सुचविले, तेव्हा जुन्या अध्यापकांनी विरोध केला. त्यांचा प्रतिवाद खोचक होता. वैद्यांना प्रवेश असेल तर कायस्थांना नाकारण्याला कारण उरत नाही, आणि जे पंडित वेतन घेऊन युरोपियनांना संस्कृत शिकवितात त्यांनी शूद्राचा विटाळ मानावा यात सुसंगती नाही, असे त्यांनी दाखवून दिले. जुलै १८५१ मध्ये कायस्थांना आणि डिसेंबर १८५४ मध्ये सर्व प्रतिष्ठित हिंदूंना प्रवेश मिळाला. मात्र ‘प्रतिष्ठित’ या विशेषणाला अर्थ होता. १८५५ मध्ये सुवर्णवणिक जातीच्या एका विद्यार्थ्याचा अर्ज आला, तेव्हा विद्यासागरांनी प्रतिकूल अभिप्राय दिला. ती जात समाजात हलकी मानली जाते आणि तिला प्रवेश दिल्यास विद्यालयाची लोकांतील पत जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. युरोपियनांचे उदाहरण देऊन पंडितांना निरुत्तर करणाऱ्या माणसाने चारच वर्षांनी पंडितांचीच बाजू घ्यावी, हे वाचताना अवघडल्यासारखे होते. आपण केलेला बदल मोडू नये म्हणून तो कोठे थांबवावा याचा ते अंदाज घेत होते, असे म्हणता येईल. तो अंदाज बरोबर होता की नाही हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

१८५३ मध्ये वाराणसीच्या संस्कृत महाविद्यालयाचे प्राचार्य बॅलंटाईन हे शिक्षणमंडळाच्या निमंत्रणावरून कलकत्त्यास आले. पाश्चात्य आणि भारतीय दर्शने समोरासमोर ठेवून त्यांतील साम्य दाखवावे आणि पंडितांना त्या वाटेने नव्या विचाराकडे न्यावे, ही त्यांची पद्धती. मिलच्या तर्कशास्त्राचा आपण केलेला सारांश आणि बर्क्लीचा ग्रंथ येथे लावावा, अशी त्यांनी शिफारस केली. विद्यासागरांनी सप्टेंबरमध्ये दिलेले उत्तर एकोणिसाव्या शतकातील भारतीय शिक्षणविचारातील अत्यंत स्पष्ट लेखांपैकी एक होय. वेदांत आणि सांख्य ही चुकीची दर्शने आहेत, हे त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले. परंपरेमुळे ती शिकवावी लागतील, पण त्यांच्यावर उतारा म्हणून इंग्रजी वर्गात सकस तत्त्वज्ञान हवे. बर्क्लीचे निष्कर्ष वेदांताशी जुळणारे असल्यामुळे तो ग्रंथ उताऱ्याचे काम करणार नाही. मिल हवा, पण सारांशरूपाने नव्हे, मूळ ग्रंथ हवा. नव्या शास्त्रातील एखादे तत्त्व आपल्या ग्रंथातल्यासारखे दिसले की पंडित ते शास्त्र स्वीकारीत नाहीत, उलट आपल्या ग्रंथाची थोरवीच अधिक गातात, हे त्यांचे निरीक्षण तर आजही जपून ठेवण्यासारखे आहे. मंडळाने बॅलंटाईन यांच्या सूचना अमलात आणण्यास सांगितले, तेव्हा आपल्याला मोकळीक नसेल तर कामाला अर्थ नाही, या आशयाचे पत्र त्यांनी लिहिले आणि मोकळीक मिळविली.

या मोकळिकीचा हेतू काय होता, तेही त्यांनी सांगून ठेवले होते. संस्कृत महाविद्यालयातून पंडित निघावेत ही त्यांची अपेक्षा नव्हती. मातृभाषेवर प्रभुत्व असलेले, उपयुक्त ज्ञान मिळविलेले आणि देशातील पूर्वग्रहांतून मुक्त झालेले शिक्षक त्यांना हवे होते. संस्कृत, इंग्रजी आणि बंगाली यांचे असे त्रिकोणी नाते त्या काळी अन्यत्र क्वचितच कल्पिलेले आढळते. पुण्याला १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात निघालेली संस्कृत पाठशाळा याच सुमारास, १८५१ मध्ये, इंग्रजी शाळेशी जोडून पूना कॉलेजात विलीन झाली. तेथे बदल संस्थेच्या जोडणीतून आला, कलकत्त्यात तो अभ्यासक्रमातून आणला गेला.

१८५४ च्या वुड यांच्या खलित्यानंतर देशी भाषांच्या शाळांना सरकारी आधार मिळाला. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर हॅलिडे यांनी विद्यासागरांवर निरीक्षकाचे काम सोपविले आणि त्यांचे वेतन ५०० रुपये झाले. ऑगस्ट १८५५ ते जानेवारी १८५६ या सहा महिन्यांत नदिया, बरद्वान, हुगळी आणि मिदनापूर या चार जिल्ह्यांत प्रत्येकी पाच, अशा २० आदर्श शाळा त्यांनी उघडल्या. शिक्षक आधी तयार व्हावेत म्हणून जुलै १८५५ मध्येच नॉर्मल स्कूल सुरू केले होते आणि तेथे मुख्याध्यापक म्हणून अक्षयकुमार दत्त यांच्यासारखा विज्ञाननिष्ठ लेखक आणला होता. त्याच वर्षी ‘वर्णपरिचय’चे दोन भाग प्रसिद्ध झाले. शाळा, शिक्षक आणि पुस्तक ही तिन्ही एकाच वर्षात उभी राहिली.

‘वर्णपरिचय’ हे पुस्तक भाषेच्या अभ्यासकांनी पुनःपुन्हा पाहावे असे आहे. संस्कृतच्या या पंडिताने बंगाली मुलासाठी वर्णमाला मांडताना संस्कृतचा हिशेब बाजूला ठेवला. बंगालीत न लागणारे दीर्घ ॠ आणि दीर्घ ॡ काढून टाकले, अनुस्वार आणि विसर्ग व्यंजनांत नेले; त्यामुळे स्वर १६ चे १२ झाले. चंद्रबिंदूला वेगळे स्थान दिले. ड, ढ आणि य यांच्याखाली बिंदू देऊन होणारी अक्षरे उच्चारात निराळी आहेत म्हणून ती स्वतंत्र मोजली. ‘क्ष’ जोडाक्षर म्हणून व्यंजनांतून वगळला. पहिल्या भागात जोडाक्षरे नाहीत, ती दुसऱ्या भागात येतात. पुढे १८७५ च्या सुमारास साठाव्या आवृत्तीच्या वेळीही शब्दान्तीच्या अकाराचा उच्चार आणि ‘त’चे दोन आकार यांविषयी त्यांचे नवे विवेचन चालूच होते. कित्येक मराठी अंकलिप्यांत ॠ आणि ॡ किती काळ टिकून राहिले, हे आठवल्यास या निर्णयाचे मोल कळते. छापखान्यात खिळे मांडण्याच्या घरांची नवी रचनाही त्यांनी केली, तिला बंगाली मुद्रकांत त्यांचेच नाव मिळाले. पुस्तकातील शहाणा गोपाळ आणि खट्याळ राखाल यांच्यावर मात्र पुढील पिढ्यांनी बरीच टीका केली. आज्ञाधारकपणाचा हा पाठ देणारा लेखक स्वतः गोपाळापेक्षा राखालाच्याच जातीचा होता, हे रवींद्रनाथांनी हेरले होते.

यानंतर आला मुलींच्या शाळांचा प्रसंग. बेथून यांनी १८४९ मध्ये कलकत्त्यात काढलेल्या मुलींच्या शाळेचे विद्यासागर डिसेंबर १८५० पासून चिटणीस होते. नोव्हेंबर १८५७ ते मे १८५८ या काळात त्यांनी खेड्यापाड्यांत मुलींच्या ३५ शाळा काढल्या. हुगळीत २०, बरद्वानात ११, मिदनापुरात ३ आणि नदियात १. सुमारे १,३०० मुली तेथे शिकू लागल्या. महिन्याचा खर्च ८४५ रुपये होता. हॅलिडे यांची संमती होती, पण ती तोंडी. लेखी मंजुरीची वाट न पाहता शाळा उघडल्या गेल्या. भारत सरकारने अनुदान नाकारले. स्थानिक वर्गणीची अट शिथिल करण्यास ते तयार नव्हते, आणि बंडानंतर तिजोरीही रिती होती. शिक्षकांचे पगार थकले आणि शिक्षकांनी साहजिकच विद्यासागरांकडे हात पसरले. शिक्षणसंचालक गॉर्डन यंग यांच्याशी त्यांचे आधीपासून जमत नव्हते. ऑगस्ट १८५८ मध्ये त्यांनी राजीनामा पाठविला आणि नोव्हेंबरमध्ये ५०० रुपयांची नोकरी निवृत्तिवेतनाशिवाय सोडली. थकलेले ३,४३९ रुपये सरकारने डिसेंबरमध्ये दिले, शाळांची पुढील जबाबदारी मात्र घेतली नाही. विद्यासागरांनी ‘नारीशिक्षा भांडार’ काढून मित्रांच्या वर्गणीवर काही शाळा तगविल्या. वर्गणीवर किती शाळा किती काळ चालणार?

येथून त्यांच्या आयुष्याचे दुसरे पर्व सुरू होते. विधवाविवाहाची चळवळ, १८५६ चा कायदा, त्या डिसेंबरमधील पहिला विवाह आणि त्यापायी झालेले कर्ज यांची कथा सुपरिचित आहे. शिक्षणापुरते पाहिले तर आता त्यांच्याजवळ सरकारी शिक्का नव्हता, पुस्तकांचे उत्पन्न होते. एक विसंगती नोंदवावी लागते. ज्या शाळांचे निरीक्षक विद्यासागर होते तेथे चालणारी पुस्तके विद्यासागरांची आणि छापखानाही त्यांचाच होता. आजच्या नियमांनी यावर बोट ठेवले असते. पण हे उत्पन्न कोठे गेले हे पाहिल्यावर तो आक्षेप बराच बोथट होतो.

ते बहुतांशी दानात गेले, आणि मेट्रोपोलिटन इन्स्टिट्यूशन उभी राहताना त्यांच्या पाठीशीही तेच होते. १८५९ मध्ये निघालेल्या कलकत्ता ट्रेनिंग स्कूलची सूत्रे लवकरच त्यांच्याकडे आली आणि १८६४ मध्ये ती संस्था नव्या नावाने उभी राहिली. महाविद्यालयीन वर्गांसाठी विद्यापीठाकडे केलेला पहिला अर्ज फेटाळला गेला. युरोपियन प्राध्यापकांवाचून उच्च शिक्षण, विशेषतः इंग्रजीचे, देता येईल यावर कोणाचा विश्वास नव्हता. १८७२ मध्ये द्वारकानाथ मित्र आणि कृष्णदास पाल यांना बरोबर घेऊन विद्यासागरांनी पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा एफ. ए. पर्यंतची मान्यता मिळाली. १८७९ मध्ये बी. ए. चे आणि पुढे कायद्याचे वर्ग आले. सर्व अध्यापक भारतीय. फी प्रेसिडेन्सी महाविद्यालयाच्या मानाने पुष्कळ कमी. मुलांना मारावयाचे नाही, असा सक्त नियम. सनदी नोकरीतून काढलेल्या सुरेंद्रनाथ बॅनर्जींना १८७६ मध्ये येथेच इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून घेतले गेले. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ मध्ये निघाले, तेव्हा देशी माणसांनी चालविलेले महाविद्यालय पदवीपर्यंत जाऊ शकते याचा दाखला कलकत्त्यात तयार होता. १८८७ मध्ये शंकर घोष गल्लीत संस्थेची स्वतःची इमारत झाली.

तथापि विद्यासागरांच्या दृष्टीला मर्यादा होत्या. १८५९ मध्ये सरकारने मत विचारले असता, सरकारने सर्वसामान्य जनतेच्या शिक्षणाचा पसारा मांडण्यापेक्षा वरच्या वर्गांना चांगले शिक्षण द्यावे, असे त्यांनी कळविले. श्रमिक वर्ग इतक्या दारिद्र्यात आहे की मुले शाळेत पाठविणे त्याला परवडणार नाही, असे कारण त्यांनी दिले. तेवीस वर्षांनी हंटर आयोगासमोर जोतीराव फुल्यांनी नेमकी उलटी मागणी केली. शेतकऱ्याच्या पैशातून वरच्या वर्गांचे शिक्षण चालते, म्हणून प्राथमिक शिक्षण आधी सर्वांना द्या, असे ते म्हणाले. दोघांनीही मुलींसाठी शाळा काढल्या, दोघांनीही पदरमोड केली. दारिद्र्य पाहून एकाने एक निष्कर्ष काढला, दुसऱ्याने दुसरा. या दोन साक्षी शेजारी ठेवून अद्याप पुरेशा वाचल्या गेलेल्या नाहीत. १८६६ मध्ये मेरी कार्पेंटर यांनी स्त्री-शिक्षिकांसाठी प्रशिक्षणशाळेची कल्पना मांडली, तेव्हाही समाज घरंदाज स्त्रियांना त्या कामासाठी बाहेर पडू देणार नाही, म्हणून ती फसेल, असे विद्यासागरांनी सांगितले. पस्तीस शाळांच्या अनुभवाने ते सावध झाले होते. त्याच डिसेंबरात कार्पेंटरबाईंसमवेत उत्तरपाड्याची मुलींची शाळा पाहून परतताना त्यांची गाडी उलटली. त्या दुखापतीतून त्यांची प्रकृती पूर्ववत झाली नाही.

उत्तरायुष्यात ते बरेचदा संथाळ परगण्यातील करमाटाड येथे जाऊन राहत. तेथील संथाळांना होमिओपॅथीची औषधे देत आणि आपल्या पुस्तकांची मुद्रिते तपासीत. शहरातील सुशिक्षितांविषयी त्यांचे मन विटले होते. एकुलत्या एक मुलाला, नारायणचंद्राला, १८७५ च्या मृत्युपत्रात त्यांनी वारसाहक्कातून वगळले. १८९० मध्ये त्यांनी बीरसिंहात आईच्या नावाने विद्यालय स्थापले. पुढल्या वर्षी, २९ जुलै १८९१ रोजी, कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. मेट्रोपोलिटनला १९१७ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

त्यांनी लिहावयास घेतलेले आत्मचरित्र अपुरे राहिले. नारायणचंद्रांनीच ते १८९१ मध्ये छापले. त्यात छापखाना नाही, आदर्श शाळा नाहीत, मेट्रोपोलिटन नाही. पूर्वजांची हकीकत आहे, आजोबा आणि वडील यांचे दारिद्र्य आहे, आणि कलकत्त्याच्या वाटेवरील मैलाचे दगड आहेत.